ज्याची पिशवी त्याच्या दारी

गाठ सोडण्याआधीच थोरलीला कळलं होतं, ही पिशवी कुणी बांधली आहे ते.

शनिवारी सकाळी सफाई खात्याच्या कोठीत दोघंच होते, ती आणि मुकादम. भिंतीला टेकवलेले खराटे, उलट्या करून ठेवलेल्या ढकलगाड्या, आणि मधे अंथरलेल्या ताडपत्रीवर कोपऱ्यावरून उचलून आणलेल्या पाच पिशव्या. कोपरा म्हणजे तोच, जिथे गेल्या वर्षापर्यंत लोखंडी कचराकुंडी होती. ती कुंडी अप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, ते नगरसेवक असताना भांडून बसवून घेतली होती. मग ही थोरली सून नगरसेविका झाली आणि तिनं तेवढंच भांडून ती उचलायला लावली. तिथे फुलझाडं आली, बाक आला. घंटागाडी दारोदार फिरू लागली, तीही शाळा-कचेऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, बरोबर अकरा वाजता. या वेळेबद्दल थोरलीचा एका सभागृहात सत्कारसुद्धा झाला होता. आणि तरी रोज सकाळी फुलझाडांच्या मधोमध कचऱ्याच्या पिशव्या येऊन बसायच्या, जणू बाक त्यांच्यासाठीच मांडला होता.

म्हणून गेल्या आठवड्यात त्याच बाकावर उभं राहून तिनं सगळ्या प्रभागासमोर शब्द दिला होता. यापुढे कोपऱ्यावरची पिशवी उघडली जाईल, मालक शोधला जाईल आणि रविवारी सकाळी सगळ्यांदेखत ती त्याच्या दारात परत नेऊन ठेवली जाईल. "ज्याची पिशवी त्याच्या दारी. मग तो कुणीही असो!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसलेल्या अप्पांनीही वाजवल्या. तिच्या दिराचा छापखाना होता आणि निवडणूक चार महिन्यांवर आली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते वाक्य फलकावरही चढलं.

आता तिच्या हातात कापडाची पट्टी होती. पांढरी, पण पिवळटलेली, आणि तिच्यावर निळ्या ऑइलपेंटचा एक फराटा. पाचही पिशव्यांची तोंडं असल्याच पट्ट्यांनी बांधलेली होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? अप्पांनी आपल्या निवडणुकांचे कापडी फलक कधी टाकून दिले नव्हते. कात्रीनं त्यांच्या पट्ट्या कापून डब्यात ठेवल्या होत्या, आणि त्या घरात जे काही बांधलं जाई ते त्या पट्ट्यांनीच: साखरेची पुडी, टोमॅटोची रोपं, एकदा तर थोरल्याचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, मुरगळलेलं मनगट.

"काही मिळायचं नाही बाई यात," मुकादम म्हणाला. "ना नाव, ना पत्ता. बेवारशी आहेत. डेपोत पाठवून देतो."

"तुम्ही उघडल्या कुठे अजून?"

"वासावरून कळतं."

थोरलीनं रबरी हातमोजे चढवून दोन पिशव्या उघडल्या. एकीत मांजराच्या खालची वाळू निघाली. दुसरीत डायपर, पण मुलांचे नव्हेत, मोठ्या माणसाचे. तिनं तिसरीला हात लावला आणि सोडून दिला. घरात मांजर नव्हतं आणि सगळे आपापल्या पायांवर चालत होते.

"मुकादम, ही पट्टी ओळखीची आहे?"

मुकादमानं ताडपत्रीकडे बघितलं. "पट्टीच काय बाई, गाठही ओळखीची आहे. साडेसहाला ठेवून जायचे. सातला आम्ही उचलायचो. अर्ध्या तासाचा मामला, कुणाला त्रास नव्हता. मग तुम्ही म्हणालात, उचलू नका, उघडा."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"कुणी कुणाला सांगायचं?" मुकादम म्हणाला. "गाडी निघालीच आहे डेपोला. बघितलंय फक्त आपण दोघांनी."

बाहेर इंजिन सुरूच होतं. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. थोरलीला अप्पांचा राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि या दोन्हींच्या खाली एक भीती होती: आपण त्यांची कुंडी काढली म्हणून ते हे करत असतील तर? वर्षभर एका टेबलावर जेवून, रोज सकाळी मुद्दाम?

"राहू द्या इथेच," ती म्हणाली. "मालक कळलाय."

*

त्या घरात भांडणं होत नसत, सभा होत. अप्पांनी वीस वर्षं नगरपालिकेत काढली आणि तिथली रीत घरी आणली. जेवणाच्या टेबलावर स्टीलचा पेला आणि चमचा कायम असायचा. पेला वाजला की सभा सुरू. विषय मांडायचा, बोलायचं, हात वर करायचे, आणि ठराव मंजूर झाला की ज्यानं विरोधात हात वर केला त्यानंही कामाला लागायचं. मुलांच्या सायकली या टेबलावर मंजूर झाल्या होत्या, थोरल्याचं लग्न एकमतानं आणि धाकट्याचं एका मताच्या फरकानं. आणखी एक नियम अप्पांचाच: ज्याच्याविषयी चर्चा, त्यानं बाहेर बसायचं.

शनिवारी दुपारी सगळे होते, कारण शनिवारी ताई यायची. ताई म्हणजे अप्पांची लेक, भावंडांत सगळ्यांत मोठी. पलीकडच्या वस्तीत तिचं औषधांचं दुकान होतं. थोरलीनं पेला वाजवला आणि पट्टी टेबलावर ठेवली.

"अप्पा, कोपऱ्यावरच्या पिशव्या."

अप्पांनी चष्मा शोधून लावला, गरज नसताना. "किती होत्या?"

"पाच."

"पाचही माझ्या."

"एकीत मांजराची वाळू आहे. आपल्याकडे मांजर कधी होतं?"

"पाचही माझ्या. नोंद करून घे."

"अप्पा, कुणाच्या आहेत त्या? आणि मी सगळ्यांसमोर शब्द दिल्यावरही तुम्ही..."

"माणूस थांबतो, कचरा थांबत नाही," अप्पा म्हणाले आणि उठले. "विषय माझा आहे, मी बाहेर बसतो." वर्तमानपत्र बगलेत मारून ते गॅलरीत गेले. दार त्यांनी लावून घेतलं, पण आतलं सगळं ऐकू येईल इतकंच.

मग पंचाईत झाली. अध्यक्ष नेहमी अप्पाच असायचे. शेवटी थोरला म्हणाला, "ताई मोठी आहे, तिनं बसावं," आणि ताई जन्मात पहिल्यांदा बापाच्या खुर्चीत बसली.

"बोला," ती म्हणाली. "एका वेळी एकानंच."

धाकटा लगेच सुरू झाला. "वहिनी, माझं साधं म्हणणं आहे. मुकादम पाठवतोय ना डेपोत, मग पाठवू द्या. चार महिन्यांवर निवडणूक आहे. समोरचा माणूस फलक लावेल, वर तुमचंच वाक्य आणि खाली आपल्याच दाराचा फोटो. आणि छापायला माझ्याकडेच आणेल, हे दुःख वेगळंच."

"दर कमी लाव म्हणजे झालं," थोरली म्हणाली.

"मी गंमत करत नाहीये!"

थोरला मोटार चालवायला शिकवायचा. ब्रेक कधी लावायचा हे लोकांना शिकवून शिकवून तो स्वतः कायमचाच ब्रेकवर पाय ठेवून असायचा. तो हळूच म्हणाला, "अगं, एक्याऐंशी वर्षांचा माणूस आहे. सगळ्यांदेखत त्यांच्या पुढ्यात कचरा नेऊन ठेवणार? तू? ज्यांनी तुला उभं केलं?"

"अहो, नाही ठेवला तर पुढच्या रविवारी मी कुणाच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

"नको जाऊस कुणाच्याच."

"मग आठ दिवसांत कोपऱ्याचा उकिरडा."

"होऊ दे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अगं. चावून कुणाला दाखवायचंय?"

"दुसऱ्याचे ओठ असते तर मी चावले असते, ते चाललं असतं तुम्हाला?" थोरलीचा आवाज चढला. "मला काय हौस आहे? पण 'कुणीही असो' हे मी म्हणाले होते. 'आमचं घर सोडून' असं नव्हते म्हणाले."

ताईनं पेला वाजवला.

*

धाकटी सून दवाखान्यात परिचारिका होती आणि घरच्या सभांत सहसा बोलत नसे. बोलायचं ते सगळं ती पाळीवरच बोलून यायची. आता ती पट्टीकडे बघत होती, आणि तिला जे माहीत होतं ते टेबलावरच्या कुणालाच माहीत नव्हतं.

मागच्या गल्लीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर हरकतवाले राहत. त्यांना सगळे याच नावानं ओळखत. अप्पांची वीस वर्षं नगरपालिकेत गेली तशी त्यांचीही गेली, समोरच्या बाकावर. अध्यक्षांनी ठराव वाचून "कुणाची हरकत?" असं विचारलं की समोरून आवाज यायचाच, "माझी आहे!" कुंडी बसवायलाही त्यांची हरकत होती. अप्पा घरी येऊन त्यांच्या नावानं बोटं मोडायचे. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. बायकोचे गुडघे गेलेले. धाकटी दर दोन दिवसांनी इंजेक्शन द्यायला जायची, आणि एका सकाळी पाळी बदलून गेली तर दाराशी ओळखीची काठी. आत अप्पा बसले होते. रोज दहा ते बारा बसत, म्हणजे त्यांच्या बायकोला औषधं, बाजार करता यायचा. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि प्रत्येक बातमी संपली की विचारायचे, "हरकत?" मग थांबायचे. पलंगावरचा माणूस उजव्या हाताचं एक बोट उचलायचा.

जाताना अप्पा पिशवी उचलून न्यायचे, दुसऱ्या दिवशी पहाटे कोपऱ्यावर ठेवायला. "मी फिरायला जातो असं घरी सांगतो," त्यांनी जिन्यात धाकटीला म्हटलं होतं. "याची अवस्था बाहेर कळली तर हा मरेल. आजारानं नाही, लाजेनं." जिन्याच्या खालच्या मजल्यांवरूनही दोन पिशव्या त्यांच्या हातात यायच्या. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं हा अप्पांचा जुना धंदा होता, पण हे धाकटीनं रुग्णाचं गुपित म्हणून धरलं आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही.

आता तिनं हात वर केला.

"माझी उपसूचना आहे. पिशव्या इथे आणा. पण पाचही अप्पांच्या म्हणून आणा. त्यात काय होतं, मुळात कुणाचं होतं, हे पुढे कुणी खोदायचं नाही. घरात नाही आणि कोठीतही नाही."

थोरलीनं तिच्याकडे रोखून बघितलं. "तुला माहीत आहे."

"मला पाळीवर पुष्कळ काही माहीत होतं, जाऊबाई. ते मी घरी आणत नाही."

"तू वहिनीच्या बाजूनं?" धाकटा उडालाच. "माझ्या विरोधात?"

"हे मतदान आहे, संसार नाही. संसारात बघू."

थोरलीला माहीत करून घ्यायचं होतं. सकाळपासून तीच एक गोष्ट तिला खात होती. पण धाकटी कधी काही मागत नसे. "उपसूचना मान्य," ती म्हणाली.

हात वर झाले. पिशव्या आणायच्या या बाजूनं दोन्ही सुना. विरोधात दोन्ही मुलगे. सगळ्यांनी अध्यक्षांच्या खुर्चीकडे बघितलं.

*

ताईनं पट्टी हातात घेतली होती, ती खाली ठेवलीच नव्हती. तो निळा फराटा तिचा होता. अप्पांचे सगळे फलक तिनं रंगवले होते, बारा-तेरा वर्षांची असल्यापासून, गॅलरीत गुडघ्यांवर बसून, हात कोपरापर्यंत निळे करून. शाळेत मुली हसायच्या. मोठी झाल्यावर आपण नगरसेविका होणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिच्या मनात दुसरं काही नव्हतंच. मग तिकिटाच्या वर्षी याच टेबलावर अप्पांनी जाहीर केलं, उमेदवारी सुनेला. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि ताईनं विचारलं नाही. तिनं नुसता हात वर केला. त्याच सभेत अप्पांनी सुनेला शब्द दिला होता: "काम तुझं. मी त्यात लुडबुड करणार नाही, न विचारता नाही आणि विचारलंस तरी नाही." ताईला तो शब्दही लागला होता. तिला त्यांची लुडबुड हवी होती.

आणि आपण रंगवलेल्या अक्षरांच्या पट्ट्या करून हा माणूस त्यांनी लोकांचा कचरा बांधत फिरतो. तिला रडायला येईल असं वाटलं, आणि आलं हसू.

"काय झालं?" थोरल्यानं विचारलं.

"काही नाही. रंग चांगला होता. अजून उडाला नाही." तिनं पट्टी टेबलावर सरळ करून ठेवली. सुनेचा सगळ्यांदेखत पचका व्हावा असं तिला एकेकाळी वाटायचं, हे तिला माहीत होतं. धाकट्यालाही माहीत होतं, कारण तो तिच्याकडे जरा घाबरूनच बघत होता. आणि बापाची अब्रू वाचावी असंही तिला वाटत होतं, ते तर आत्ता, या क्षणी. यातलं कुठलं मत देतंय हे बघायला ती थोडी थांबली.

"ऐका," ती म्हणाली. "उमेदवारी मला मिळाली असती तर आज सकाळी कोठीत मी काय केलं असतं? मी मान हलवली असती. गाडी डेपोला गेली असती आणि मी घरी येऊन अप्पांना चहा करून दिला असता, आणि त्यांना कधी कळू दिलं नसतं. त्यांच्यासाठीच केलं असतं मी ते." तिनं गॅलरीच्या दाराकडे बघितलं. "त्यांना हे माहीत असणार. म्हणून नाही दिली."

"अध्यक्षांचं मत बाजूनं. उपसूचनेसह." तिनं चमचा आपटला. "अप्पा, या आत. ठराव मंजूर."

"ऐकलं," गॅलरीतून आवाज आला. "एवढंसं वाचून संपत आलंय, ते संपवतो." पण वर्तमानपत्राचं पान काही उलटल्याचं ऐकू आलं नाही.

*

रविवारी सकाळी कोपऱ्यावर निम्मा प्रभाग जमला होता. लोकांना पिशव्यांत रस नव्हता. कुणाचं दार, यात होता. मुकादमानं पाच पिशव्या ढकलगाडीवर रचल्या आणि दांड्याला हात घातला, तोच थोरला पुढे झाला.

"मी ढकलतो."

"तुम्ही विरोधात होतात ना?" थोरली हळूच म्हणाली.

"ठराव मंजूर झालाय," थोरला म्हणाला.

वरात निघाली. मागच्या आसाचं एक चाक किरकिरत होतं. ज्याचं दार मागे पडे त्याचा आवाज मोठा होई. ज्याचं अजून यायचं होतं तो गप्प चाले. मधे एका खिडकीतून मांजर बघत होतं, आणि त्या खिडकीखाली उभी असलेली शिवणकाम करणारी बाई स्वतःच्या चपलांकडे बघत होती. थोरलीला ते दिसलं. तिला उपसूचना आठवली आणि तिनं मान दुसरीकडे वळवली.

गाडी तिच्याच गल्लीत वळली तेव्हा किराणावाला म्हणाला, "बाई, वाट चुकली का?"

"नाही चुकली."

"इकडे तर तुमचंच घर आहे."

"माहीत आहे मला माझं घर कुठे आहे ते."

अप्पा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, जसे ते नगरपालिकेच्या सभेला जायचे तसे. मागे ताई उभी होती, रविवार असून, दुकान बंद ठेवून आलेली. गर्दी अशी गप्प झाली की चाकाचीच किरकिर तेवढी राहिली, आणि मग तीही थांबली.

थोरलीनं रात्री दोन-तीन वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकही आठवेना. "ज्याची पिशवी त्याच्या दारी," ती म्हणाली, तेच आठवलं म्हणून. "या पाच पिशव्या या घरच्या आहेत."

"अप्पा, तुम्हीसुद्धा?" मागून कुणीतरी ओरडलं. दोघंतिघं हसले.

"मीसुद्धा," अप्पा म्हणाले. "मान्य आहे. पाचही माझ्या."

"ही समज आहे. पुन्हा झालं तर दंड होईल."

"कळलं, बाई."

बाई. बाहेरचे सगळे तिला बाईच म्हणत, पण त्या घरात ते कुणी कधी म्हटलं नव्हतं. अप्पांनी एकेक पिशवी उचलून आत नेली. थोरला मदतीला गेला तर त्यांनी त्याला हातानं बाजूला केलं. पाचवी आत गेली तेव्हा किराणावाल्यानं उगाच टाळी वाजवायला हात उचलले आणि कुणी साथ दिली नाही म्हणून तसेच चोळले. लोक पांगले. जाताना दोन बायका एकमेकींना म्हणत होत्या, की आता आपल्याला काही सुटका नाही.

*

आत पिशव्या दारामागे ओळीनं ठेवल्या होत्या. अप्पा स्टुलावर बसून श्वास घेत होते. थोरली त्यांच्यासमोर उभी राहिली. तिला माफी मागायची होती आणि मागायची नव्हती.

"शेवटची उघड," अप्पा म्हणाले.

"उपसूचना आहे अप्पा. खोदायचं नाही."

"लोकांचं नाही खोदायचं. ही तुझी आहे."

तिनं गाठ सोडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खोकं, केस काळे करायच्या रंगाचं, आणि काळा पडलेला ब्रश. आपण केस रंगवतो हे घरात कुणाला माहीत नाही, अशी तिची इतकी वर्षं समजूत होती.

"गुरुवारी संध्याकाळी दारामागे ठेवलीस आणि शुक्रवारी सकाळी मीटिंगला गेलीस," अप्पा म्हणाले. "गाडी अकराला येते. अकराला आपल्या घरी कोण असतं?"

थोरलीनं विचार केला. नवरा कुणाला तरी क्लच शिकवत असायचा. दीर छापखान्यात, धाकटी दवाखान्यात. ती स्वतः नगरपालिकेत असायची, आणि बहुतेक वेळा विषय कचऱ्याचाच असायचा.

"तुम्ही असता ना?"

"मी दहा ते बारा नसतो."

"कुठे असता?"

"उपसूचना," अप्पा म्हणाले.

ती तिथेच, पिशव्यांच्या शेजारी, जमिनीवर बसली. "म्हणजे वर्षभर आपल्या घरचा कचरा..."

"कोपऱ्यावर. दुसरीकडे कुठे? आधी आपलाच न्यायचो. मग जिन्याजिन्यात लोक म्हणायला लागले, अप्पा जाताच आहात तर." ते थोडे थांबले. "तुझ्यावर रागावून नव्हतो करत. तुला तसं वाटलं ना?"

"हो," थोरली म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काल सकाळपासून जड झालेला तिचा जीव एकदम हलका झाला. "एकदा तरी बोलायचं होतंत अप्पा. वेळ चुकतेय म्हणून. मी चुकत होते."

"चुकत होतीस. पण शब्द दिला होता. लुडबुड नाही."

"तो शब्द मी परत करते."

"असा जमिनीवर बसून नाही परत करता येत. टेबलावर दिला होता."

थोरली उठली, डोळे पुसले आणि पेला इतक्या जोरात वाजवला की सगळे धावत आले. "विषय अप्पांचा आहे. अप्पा, बाहेर."

अप्पा गॅलरीत गेले. अप्पांनी दिलेला शब्द त्यांना परत करावा, असा ठराव थोरलीनं मांडला. ताईनं अनुमोदन दिलं. हात वर झाले. सगळ्यांत शेवटी धाकट्याचा, पण झाला.

अप्पा आत आले आणि आपल्या खुर्चीत बसले. वर्षाचं साठलेलं होतं, पण त्यांनी थोडक्यातच सांगितलं. "एक गाडी सकाळी साडेसहाला, कामावर जाणारे घरी असतात तेव्हा. एक संध्याकाळी सातला. अकराची बंद कर. आणि घंटा वाजवून लगेच पळू नका म्हणावं. जिने आहेत. माणसाला उतरायला वेळ लागतो, आणि ज्याला उतरता येत नाही त्याच्या दारापर्यंत कुणीतरी चढायला हवं. कोण, कुठे, ते विचारू नये. नुसतं चढावं."

"मुकादमाशी बोलते मी उद्याच," थोरली म्हणाली. "सोमवारच्या सभेत मांडते."

"मांड. पण आधी घरात मंजूर होऊ दे." अप्पांनी चमचा हातात घेतला आणि जुन्या सवयीनं विचारलं, "कुणाची हरकत?"

टेबलावर कुणाचीच हरकत नव्हती. अप्पा तरीही चमचा तसाच वर धरून थोडा वेळ थांबले. धाकटी सोडून बाकी सगळ्यांना वाटलं, त्यांना दम लागलाय.